नाडी लागत नाही, पण रोगी चालत आला!

‘नाडी लागत नाही’ असे शब्द कुणा जाणत्याच्या तोंडून बाहेर पडले, की घरात रडारड सुरू होते. आपल्याकडे नाडीचा संबंध थेट प्राणाशी जोडलेला आहे. नाडी गेली म्हणजे माणूस गेला, अशीच आपली समजूत. परंतु मनगटावर नाडी अजिबात लागत नाही, आणि तरीही रोगी स्वतःच्या पायांनी दवाखान्याचा जिना चढून आला आहे, आपले नाव-गाव नीट सांगतो आहे, असे असू शकते काय? होय, असू शकते. आणि असा रोगी पुष्कळदा म्हातारा नसून पंधरा ते तीस-पस्तीस वर्षांची मुलगी किंवा तरुण स्त्री असते.

या आजाराला ‘ताकायासूचा आजार’ म्हणतात. जपानमधील नेत्रतज्ज्ञ डॉ. मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली एका एकवीस वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांचे विचित्र जाळे वर्णन केले. अशाच काही रोग्यांच्या मनगटावर नाडी लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आली होती. पुढे त्याला ‘नाडीहीन आजार’ असेही नाव पडले. आजार तसा विरळा आहे. मग आपल्या वृत्तपत्रातून त्यावर लिहायचे कशाला, असे कुणी विचारील. दोन कारणांसाठी. पहिले असे की, हा आजार आपल्या देशात दिसतो आणि त्याच्या अभ्यासाला मुंबईच्या परळमध्ये मोठी चालना मिळाली. दुसरे असे की, तो वेळीच ओळखण्यासाठी लागणारी पहिली तपासणी फुकट होते. त्यासाठी दोन हात, दोन पाय आणि रक्तदाब मोजायचे यंत्र एवढेच पुरते.

परळच्या वॉर्डांतले निरीक्षण

जिल्ह्याच्या ठिकाणी आजाराचे निदान होईना की ‘आता मुंबईला न्या’ असा सल्ला मिळतो. कोकणातून, घाटावरून निघालेली मंडळी लालबाग-परळला कुणा भावकीच्या खोलीवर उतरतात आणि भल्या सकाळी के. ई. एम. रुग्णालयात केसपेपर काढायला रांगेत उभी राहतात. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांनी अशा कित्येक पिढ्या पाहिल्या आहेत. निरनिराळ्या गावांचे रोगी एका ठिकाणी येतात, तेव्हा एरवी गावागावांत विखुरलेले विरळ आजार एका छताखाली दिसू लागतात. निरीक्षण करणारा डॉक्टर जागरूक असेल, तर त्यातूनच नवे ज्ञान निघते.

तसेच येथे झाले. या रुग्णालयातील ख्यातनाम शल्यचिकित्सक डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव वाचकांना भारतातील पहिल्या हृदयरोपणामुळे ठाऊक असेल. ते रोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये के. ई. एम. मध्येच झाले, रोगी मात्र काही तासच जगला. पण त्याआधीपासून डॉ. सेन आणि त्यांचे सहकारी मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आजारांवर काम करीत होते. तरुण वयात रक्तदाब फार वाढलेले, पायांतील नाड्या मंद किंवा नाहीशा झालेले रोगी त्यांच्यापुढे येत होते. १९६३ साली डॉ. सेन, डॉ. किनरे, डॉ. इंजिनिअर आणि डॉ. परुळकर यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात या रोग्यांविषयी लेख लिहिला. छातीचा खालचा भाग आणि पोटाचा वरचा भाग यांमधून जाणारी महारोहिणी अरुंद झाल्यामुळे जी लक्षणे दिसतात, त्यांना त्यांनी ‘मिडल अ‍ॅऑर्टिक सिंड्रोम’ असे नाव दिले. हे नाव आजही जगभर वापरले जाते.

डॉ. किनरे म्हणजे विकृतिशास्त्रातील तज्ज्ञ. रोगी दगावल्यानंतर शवविच्छेदनात मिळालेल्या महारोहिणीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. वॉर्डात स्टेथोस्कोपने जे ऐकू आले, त्याचे कारण शवविच्छेदनाच्या टेबलावर डोळ्यांनी दिसले. जपानमध्ये प्रामुख्याने हातांकडे व डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या दिसत. आपल्याकडे मात्र पोटातील महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या रोहिण्या बिघडण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणूनच आपल्याकडचा रोगी ‘नाडी नाही’ अशी तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो येतो तो वाढलेल्या रक्तदाबाचे दुष्परिणाम घेऊन. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शरीरात नेमके काय घडते?

हृदयातून निघणारी महारोहिणी ही आपल्या शरीराची मुख्य जलवाहिनी समजा. तिला हातांकडे, मेंदूकडे, मूत्रपिंडांकडे, पायांकडे फाटे फुटतात. रक्तवाहिनीची भिंत तीन थरांची असते. या आजारात त्या भिंतीला सूज येते. ही सूज जंतूंनी थेट केलेली नसते. शरीराची संरक्षणव्यवस्थाच वाट चुकून आपल्याच रक्तवाहिन्यांवर हल्ला करते, असे आज मानले जाते. सुजेमुळे भिंत जाड होते, पुढे तेथे वण पडतो आणि आतली वाट अरुंद होत जाते. काही ठिकाणी उलट घडते. भिंत कमजोर होऊन फुग्यासारखी फुगते.

आजाराचे दोन टप्पे सांगता येतात. पहिल्या टप्प्यात बारीक ताप, थकवा, भूक न लागणे, वजन उतरणे, सांधे दुखणे, क्वचित मानेच्या बाजूला दुखणे अशा तक्रारी असतात. यांपैकी एकही लक्षण खास या आजाराचे नाही. त्यामुळे कुणी टायफॉइड म्हणतो, कुणी क्षय म्हणतो, कुणी ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून टॉनिक देतो. काही दिवसांनी ताप आपोआप उतरतो आणि प्रकरण विस्मरणात जाते. मग महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसरा टप्पा येतो. तोवर रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात.

दुसऱ्या टप्प्यातील तक्रारी ऐकून घेतल्या तर पुष्कळ काही सांगून जातात. कपडे वाळत घालताना, वेणी घालताना, भाकरी थापताना हात भरून येतात, थांबले की बरे वाटते. चालताना पोटऱ्यांत गोळे येतात. उठताना अंधारी येते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. डोके सतत ठणकते. अवयवाला काम वाढले की रक्त जास्त हवे असते. अरुंद वाटेने ते पुरत नाही, म्हणून हात भरून येतो. विश्रांती घेतली की गरज कमी होते आणि दुखणे थांबते.

मूत्रपिंडाचा गैरसमज, हृदयावर बोजा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी अरुंद झाली की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते. त्याला वाटते, सगळ्या शरीरातच रक्तदाब कमी झाला आहे. मग ते रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. त्यातून निर्माण होणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या आकसतात, मीठ व पाणी शरीरात साठते आणि रक्तदाब चढतो. दाब वाढला तरी अरुंद वाटेपलीकडच्या मूत्रपिंडाची तक्रार मिटत नाही. ते आणखी रेनिन सोडते. असे हे दुष्टचक्र चालू राहते.

या चढ्या दाबाविरुद्ध हृदयाला रात्रंदिवस रक्त ढकलावे लागते. आधी हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. पुढे तो थकून सैल पडतो आणि फुगतो. मग जिना चढताना दम लागतो, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो, उठून बसावे लागते, पायांवर सूज येते. विशीतल्या मुलीचे हृदय असे थकलेले दिसले की ‘हृदयाच्या स्नायूचाच आजार’ असे निदान होण्याची शक्यता असते. त्या वेळी कुणी जांघेतील नाडी चाचपून पाहिली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून रक्ताच्या घुसमटीचा आवाज ऐकला, तर सारे चित्र पालटू शकते. कारण अरुंद वाट मोकळी केली आणि दाब खाली आला, की असे थकलेले हृदय पुष्कळदा बऱ्यापैकी सावरते.

हृदयाला आणखी दोन वाटांनी धोका पोहोचतो. महारोहिणीच्या मुळाशी सूज आली तर ते मूळ रुंदावते आणि तेथील झडप नीट मिटत नाही. रक्त उलटे हृदयात गळते. तसेच हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांची तोंडे अरुंद झाली, तर तरुण वयातही छातीत कळ येते. ‘एवढ्या लहान मुलीला कसला हार्ट अ‍ॅटॅक?’ असे म्हणून ती कळ उडवून लावू नये. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या किंवा दाब फार चढला तर पक्षाघात होऊ शकतो. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊन दृष्टी अधू होऊ शकते.

यंत्रही फसते!

रक्तदाब आपण सहसा एकाच हातावर मोजतो. या आजारात नेमका तोच हात फसवा असू शकतो. त्या हाताची रोहिणी अरुंद असेल तर यंत्रावर दाब ‘नॉर्मल’ किंवा कमीच दिसेल. प्रत्यक्षात मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड मात्र प्रचंड दाब सोशीत असतील. दाब कमी म्हणून रोग्याला मीठ-पाणी पिण्याचा सल्ला मिळाला तर आगीत तेल ओतल्यासारखेच होईल.

म्हणून नियम असा : तरुण व्यक्तीचा रक्तदाब पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांवर मोजावा. दोन हातांतील वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक वारंवार दिसला, तर कारण शोधावे. दोन्ही हातांच्या नाड्या मंद असतील तर मांडीवर मोठा पट्टा बांधून पायातील दाब मोजावा. एरवी पायातील दाब हातातल्याइतका किंवा थोडा जास्तच असतो. तो हातापेक्षा कमी भरला, तर मध्ये कोठेतरी वाट अडली आहे असे समजावे. लहान मुलांत महारोहिणी जन्मतःच अरुंद असल्यानेही असे घडते. त्यामुळे रक्तदाब वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या जांघेतील नाडी पाहिलीच पाहिजे.

येथे एक खुलासा करतो. दोन हातांच्या दाबात फरक दिसला म्हणजे हाच आजार झाला असे नव्हे. घाईने मोजणे, पट्टा सैल बांधणे यानेही फरक पडतो. साठीच्या माणसात मधुमेह, धूम्रपान आणि चरबीचे थर यांमुळे रक्तवाहिन्या अरुंद होतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत बर्गरचा आजार होतो. योगायोग असा की लिओ बर्गर यांचे वर्णनही १९०८ सालचेच. त्यात मुख्यतः हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्या बंद पडतात, बोटे काळी पडू लागतात, आणि तंबाखू कायमची सोडणे हाच त्यावरचा खरा उपाय असतो. कोणता आजार कोणता, हे ठरविणे डॉक्टरांचे काम. शंका घेणे मात्र आपल्या हाती आहे.

तपासण्या आणि उपचार

संशय आल्यावर रक्तातील ई. एस. आर. आणि सी. आर. पी. पाहतात. त्यांवरून सूज किती आहे याचा अंदाज येतो. मात्र त्या नॉर्मल असल्या तरी आजार नाहीच असे म्हणता येत नाही. डॉप्लर सोनोग्राफीने मानेतील, पोटातील व मूत्रपिंडांच्या रोहिण्या पाहता येतात. सी. टी. किंवा एम. आर. अँजिओग्राफीने सर्व महारोहिणीचा नकाशाच समोर येतो. इकोकार्डिओग्राफीने हृदयाची ताकद आणि झडप कळते.

उपचारांचे तीन भाग आहेत. पहिला, सूज शमविणे. त्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या आणि त्यांच्या जोडीला मेथोट्रेक्सेटसारखी औषधे देतात. अलीकडे काही रोग्यांना टोसिलिझुमॅबसारखी इंजेक्शनेही देतात. स्टिरॉइड चालू करण्यापूर्वी क्षयरोग नाही याची खात्री करून घ्यावी लागते. ही औषधे मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे. दुसरा भाग, रक्तदाब आटोक्यात ठेवणे. येथे इशारा असा की, शेजारणीची किंवा वडिलांची दाबाची गोळी मुलीला देऊ नये. दोन्ही मूत्रपिंडांच्या रोहिण्या अरुंद असतील तर काही नेहमीच्या गोळ्यांनी मूत्रपिंडांचे काम अचानक ढासळू शकते. तिसरा भाग, अरुंद वाट मोकळी करणे. डॉ. सेन यांच्या काळात त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागे. १९७८ साली ग्रुंटझिग यांनी मूत्रपिंडाच्या रोहिणीत फुगा फुगवून वाट मोकळी करण्याचा मार्ग दाखविला. आता बऱ्याच रोग्यांत जांघेतून बारीक नळी घालून हे काम होते. काहींना बायपास शस्त्रक्रिया लागते. शक्यतो सूज शांत असताना हे करतात, कारण सूज असताना मोकळी केलेली वाट पुन्हा अरुंद होण्याचा संभव जास्त असतो.

खर्चाच्या भीतीने पाऊल मागे घेऊ नये. शासकीय व पालिकेच्या रुग्णालयांत, तसेच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय मदत मिळू शकते, याची चौकशी रुग्णालयातील समाजसेवा विभागात किंवा आरोग्यमित्राकडे करावी. जाताना जुने सर्व कागद, एक्स-रे आणि गोळ्यांची वेष्टने बरोबर न्यावीत.

वाचकांच्या मनातील काही शंका

हा आजार संसर्गजन्य आहे का? नाही. एकत्र जेवल्याने, झोपल्याने, कपडे वापरल्याने तो होत नाही.

क्षयामुळे होतो का? भारतीय डॉक्टरांना हा संशय फार पूर्वीपासून आहे. डॉ. किनरे यांनीही १९७० साली तरुण वयातील महारोहिणीचा दाह आणि क्षय यांच्या संबंधावर लेख लिहिला. तथापि क्षय हेच कारण असे आजवर सिद्ध झालेले नाही. क्षयाचा स्वतंत्र पुरावा असेल तरच क्षयाचे औषध द्यावे.

फक्त स्त्रियांनाच होतो का? स्त्रियांना अधिक होतो, पण पुरुषांनाही होतो. म्हणून मुलग्याच्या वाढलेल्या रक्तदाबाकडेही दुर्लक्ष नको.

लग्न आणि मूल? हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी मनात येतो आणि सर्वांत शेवटी विचारला जातो. आजार आटोक्यात असेल, दाब काबूत असेल तर अनेक स्त्रियांना सुखरूप मूल होते. पण गरोदरपण आधी ठरवून, डॉक्टरांना सांगून यायला हवे. मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे गर्भाला घातक असतात, ती वेळेवर बदलावी लागतात. गरोदरपणात दाब चढून आई व बाळ दोघांनाही धोका होऊ शकतो. तेव्हा सासरी आजार लपवून, गोळ्या चोरून घेऊन किंवा बंद करून लग्न लावणे म्हणजे मुलीच्या जिवाशी खेळणे आहे. हा आजार तिच्या कोणत्याही चुकीमुळे झालेला नाही. त्यात लपविण्यासारखे काही नाही.

आजार कायमचा बरा होतो का? कित्येकांत तो वर्षानुवर्षे शांत राहतो. पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून तपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. नियमित उपचार घेणाऱ्या अनेकजणी नोकरी, संसार, शेतीची कामे नीट करतात.

घरच्या घरी काय करावे?

मनगटाच्या आतील बाजूस, अंगठ्याच्या रेषेत आपल्या दुसऱ्या हाताची तीन बोटे हलकेच टेकवा. नाडी लागेल. आता दुसऱ्या हाताची पाहा. दोन्हीकडे ठोके सारख्याच जोराने लागले पाहिजेत. घरातील तरुण मुलीला महिनोन् महिने बारीक ताप, थकवा आहे, हात वर करून काम करताना ते भरून येतात, डोके सतत दुखते किंवा वयाच्या तिशीपूर्वीच रक्तदाब वाढलेला आहे, अशापैकी काही असेल तर ‘परीक्षेचे टेन्शन’, ‘अशक्तपणा’ किंवा ‘लग्न झाले की बरे होईल’ म्हणून वेळ दवडू नका. डॉक्टरांकडे न्या आणि संकोच न करता सांगा, ‘डॉक्टरसाहेब, दोन्ही हातांचा दाब मोजा आणि पायांच्या नाड्याही पाहा.’ चांगला डॉक्टर या विनंतीचा राग मानणार नाही.

एकाएकी बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, छातीत जोराची कळ आली किंवा दम लागून आडवे होता येईना, तर मात्र सकाळची एस. टी. पकडण्याचा विचार करू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून जवळच्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब न्या. मुंबईचा विचार त्यानंतर.